भाड्याच्या टेपवरचे सर

आमच्या दुकानातला टेपरेकॉर्डर दिसायला सुटकेससारखा होता आणि उचलायला जात्यासारखा. वर चामड्याची मूठ होती. म्हणजे ज्यानं तो बनवला त्याला वाटलं असणार, कुणीतरी माणूस हा हातात धरून आरामात हिंडेल. तो माणूस मी. त्या हिवाळ्यात लोणावळ्याहून वडगावला आणि वडगावहून लोणावळ्याला ते धूड मी इतक्या वेळा वाहिलं की आई म्हणायची, तुझा एक खांदा उतरलाय. शिंप्यानंही शर्टाचं माप घेताना तेच विचारलं. मी म्हटलं, इंग्रजी शिकवतो ना, त्यानं उतरला. तो हसला. मला तेव्हा हसायचाही कंटाळा आला होता.

दुकान लोणावळ्याच्या बाजारात, मांडव आणि लाउडस्पीकर भाड्यानं देणारं. मालकाला सगळे भाऊ म्हणायचे. मी वडगावचा. मॅट्रिकला इंग्रजीत एकदा आपटलो, मग काठावर सुटलो आणि भाऊंकडे चिकटलो. झाडावर चढून कर्णे बांधायचे, वायरी ओढायच्या, माइकमध्ये फुंकर मारून हॅलो हॅलो करायचं, हे माझं काम. आणि एक बिनकामाचं काम होतं, ते म्हणजे नकला. अक्षता पडल्यावर पंगत बसेपर्यंत लोक चुळबुळायला लागतात, तेवढ्या वेळात मी माइक धरायचो. कचेरीतला कारकून करायचो, एसटीचा कंडक्टर करायचो, पावसाळ्यात हवा खायला आलेले मुंबईचे शेठजी करायचो. पण फर्माईश यायची ती आमच्या इंग्रजीच्या सरांची. कारण वऱ्हाडातले निम्मे लोक त्यांच्याच हातचा मार खाल्लेले असायचे.

सरांचा आवाज म्हणजे माल होता नुसता. जाड, खर्जातला. वाक्य संपलं की शेवटच्या शब्दावर ते जरा टेकायचे, पायरीवर टेकावं तसे. शाळा रुळांना लागून. पॅसेंजर असली तर सर तिच्यावर आवाज चढवायचे, पण मालगाडी आली की बोलता बोलता थांबायचे, खडू हवेत, नजर खिडकीबाहेर, आणि शेवटचा डबा गेला की जिथं शब्द तोडला होता तिथूनच पुढं. मी मांडवात नुसता हात वर धरून गप्प उभा राहिलो तरी लोक आडवे व्हायचे.

तर त्या सालच्या दिवाळीनंतर सरांचा आवाज गेला. बसला नाही, गेलाच. पुण्याच्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून बघितलं आणि सांगितलं, गाठी आल्यात, इतकी वर्षं आगगाडीशी भांडल्यावर दुसरं काय होणार. काही महिने एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, ते बोलण्यापेक्षा वाईट.

तेव्हा मॅट्रिक अकरावीला होती. सरांकडे अकरावीचा वर्ग होता आणि ती मुलं त्यांनी आठवीपासून वर आणली होती. निम्मी आंदर मावळातली, नाणे मावळातली, डोंगरावरच्या वाड्यांमधून चालत उतरणारी. घरात अकरावीला पोचलेलं पहिलंच माणूस म्हणजे ते पोर. शाळेच्या कमिटीचे चेअरमन, ज्यांना गाव आबा म्हणायचं, त्यांचं मत पडलं की सरांनी जूनपर्यंत रजा घ्यावी आणि वर्ग दुसऱ्या कुणाला तरी द्यावा. त्यात वाईट हेतू काही नव्हता. मुका माणूस इंग्रजी कसं शिकवणार, एवढाच त्यांचा सरळ हिशेब. पण सरांना तो वर्ग मार्चपर्यंत, परीक्षेच्या दारापर्यंत, स्वतः न्यायचा होता. बाकी कशाचं त्यांना पडलेलं नव्हतं. हे मला हेडमास्तरांकडून कळलं. हेडमास्तर भला माणूस, पण सगळ्या गोष्टींनी थकलेला. त्यांनी कुठलंही वाक्य पूर्ण केलेलं मी ऐकलं नाही.

हेडमास्तरांनी आधी एक उपाय करून बघितला होता. पुण्याहून कुठूनतरी इंग्रजीच्या धड्यांची एक टेप मागवली, कुणा साहेबाच्या आवाजातली, आणि आमच्याकडून टेपरेकॉर्डर नेला. मीच घेऊन गेलो होतो. ऑफिसातून वर्गापर्यंत वायर ओढली, साहेब बोलायला लागला. मुलं शांत बसून होती, इतकी शांत की हेडमास्तर खूश झाले. टेप संपल्यावर मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "संपल्या का बातम्या?"

त्यानंतरच्या सोमवारी सर दुकानात आले. हातात पाटी, खिशात पेन्सिल, एक ओलं फडकं. मी गाद्यांच्या ढिगावर बसून वायर सोलत होतो. उठून उभा राहिलो. सवयच ती. त्यांनी पाटीवर लिहिलं आणि माझ्यासमोर धरलं.

"तू माझी नक्कल करतोस."

मी म्हटलं, "सर, ती तर सगळेच करतात."

त्यांनी पुसलं. लिहिलं, "बाकीचे वाईट करतात."

मग त्यांनी जे लिहिलं त्याला पाटी दोनदा पुसावी लागली. अकरावीचे उरलेले धडे, कविता आणि प्रश्न मी त्यांच्या आवाजात टेपवर म्हणायचे. ती टेप ते वर्गात लावणार. स्वतः बाजूला उभे राहणार. मी भाऊंकडे बघितलं. भाऊही सरांचे विद्यार्थी, सातवीत शाळा सोडलेले. ते म्हणाले, न्या की सर, रिकाम्या दिवशी यंत्र तुमचंच. पण लग्नाच्या तारखेला ते मांडवात पायजे, त्या दिवशी इंग्रजी बंद. सरांनी मान हलवली. मला कुणी विचारलंच नाही. मला वाटलं, आपलं काय जातंय, मजाच आहे.

रेकॉर्डिंग दुकानामागच्या गोदामात करायचं ठरलं. तिथं मांडवाची कापडं, गाद्या, लोड रचलेले असायचे, आवाज घुमायचा नाही. रविवारी दुपारी सर पॅसेंजरनं यायचे. बाहेर बाजारात चिक्कीच्या दुकानांपुढं मुंबईकरांची झुंबड, आणि आत आम्ही दोघं, कापराचा आणि कुबट कापडाचा वास, आणि मध्ये गरम होणारं ते खोकं.

पहिला धडा एका दीपगृहाच्या राखणदाराचा होता. मी घसा खाकरला आणि सुरू झालो. मला वाटलं फक्कड जमतंय. सरांचा खर्ज, ते टेकणं, मधला खोकला, सगळं घातलं. टेप मागं फिरवून लावली. सर डोळे मिटून ऐकत होते. धडा संपल्यावर त्यांनी लिहिलं, "हा माणूस सारखा चिडलाय कशावर?"

मी म्हटलं, "सर, तुम्हीच आहात तो."

त्यांनी पाटी मांडीवर घेतली. पेन्सिल टेकवली. मग काहीच न लिहिता फडकं फिरवलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे सर अर्धेच आहेत. चिडलेले सर, हाकलून देणारे सर, मालगाडीला थांबलेले सर. हे सगळं मांडवात चालतं. पण ते धडा कसा वाचायचे, न कळणाऱ्याला दुसऱ्यांदा कसं सांगायचे, ते मला येतच नव्हतं. वर्गात मी त्यांच्याकडे बघत बसायचो तो नकलेचा माल गोळा करत. ते काय सांगतायत ते ऐकलं असतं तर काठावर कशाला सुटलो असतो.

मग सरांनी मला त्यांचा आवाज शिकवला. हे सांगताना विचित्र वाटतं, पण तसंच झालं. ते समोर बसायचे आणि हातानं दाखवायचे. तळवा खाली गेला की आवाज खाली. बोटं जुळली की शब्द आवळून. हात हळूच बाजूला सरकला की सावकाश. मी वाक्य म्हणायचो, ते मान हलवायचे, मी परत म्हणायचो. एकेका वाक्यावर आमचा घाम निघायचा. वाक्याचा अर्थ मला कळला नसेल तर त्यांना लगेच ऐकू यायचं, आणि मग पाटीवर अर्थ लिहून द्यायचे. अर्थ कळल्यावर म्हटलं की हात शांत राहायचा.

नक्कल ही तीन-चार मिनिटांची चीज आहे हो. तेवढा वेळ दुसऱ्याचा घसा आपल्या घशात ठेवता येतो. तास-तासभर ठेवायला लागलं की जबडा दुखतो, कानाखाली ठणका लागतो, आणि संध्याकाळी स्वतःचा आवाज कुठं ठेवलाय ते सापडत नाही. घरी मी आईकडे भाकरी मागितली ती खर्जात. आई म्हणाली, "सर, वाढते हो." धाकटा भाऊ उठून उभाच राहिला. आणि त्याहून वाईट मांडवात झालं. कार्ल्याच्या एका लग्नात लोकांनी सर करायला सांगितले. मी केले. आवाज अगदी हुबेहूब लागला, पण हसण्यासारखं त्यात काही उरलंच नव्हतं. एक शांत माणूस माइकवर बोलतोय एवढंच. लोक पंगतीत जाऊन बसले. भाऊ म्हणाले, तुझं काय बिघडलंय का?

मी प्रत्येक प्रश्नानंतर टेपवर जागा सोडत होतो, मुलांनी उत्तर द्यावं म्हणून. पहिल्या टेपवर मी शहाणपणा केला. प्रश्न विचारायचा, थोडी जागा सोडायची, आणि मग सरांच्या आवाजात म्हणायचं, "व्हेरी गुड, सिट डाऊन." वर्गात लावली तेव्हा काय झालं, की वाडीवरनं येणारा एक पोरगा उभा राहिला, तोंड उघडलं, काही सुचेना, तोंड मिटलं, आणि यंत्र म्हणालं, व्हेरी गुड. सगळा वर्ग फुटला. तो पोरगा पण हसला, पण बसताना त्याचे कान लाल झाले होते. सरांनी त्या रविवारी मला सगळे व्हेरी गुड काढायला लावले. आणि जागा दुप्पट लांब करायला लावल्या. मी म्हटलं, सर, एवढा वेळ नुसती टेप फिरणार, मध्ये काहीच नाही? त्यांनी लिहिलं, "त्याच्या मनात मराठी होतं. तिथून इकडं यायला वेळ लागतो."

डिसेंबरात गाडी रुळावर आली म्हणायची. वर्गात टेबलावर खोकं, शेजारी सर. टेपवरचे सर बोलायचे आणि खरे सर वर्गात फिरायचे. प्रश्न आला की बोट दाखवायचे. उत्तर बरोबर असेल तर डोळे मिटून मान हलवायचे, चूक असेल तर दोन बोटं कपाळाला. मालगाडी आली की बटण दाबून यंत्र थांबवायचे, गाडी गेली की सोडायचे. कुणाच्या चेहऱ्यावर काही दिसलं तर टेप मागं घेऊन तेच परत ऐकवायचे. मुलांना चारच दिवसांत आवाज कुठून येतो याचा विसर पडला. फक्त वडगावला व्होल्टेज पडायचं तेव्हा पंचाईत. टेप मंद व्हायची आणि सर बेवड्यासारखे बोलायला लागायचे. मुलं खाली माना घालून हसायची, आणि सरांचेही खांदे हलायचे. मी दाराशी उभा असायचो, तास संपला की खोकं उचलायला. तीन वाजताची पॅसेंजर चुकली की सगळी संध्याकाळ जायची.

जानेवारीत आबा वर्ग बघायला आले. पांढरं धोतर, डोक्याला पटका, मागं हेडमास्तर. आबा मागच्या बाकावर बसले. पोरांनी त्या दिवशी जिवाची बाजी लावली. प्रश्न आला की हात वर, उत्तर तयार. आबांना इंग्रजी येत नव्हतं, पण उत्तरांचा गडगडाट होतोय हे कळत होतं. तास संपल्यावर ते पुढं आले, यंत्रावर हात ठेवून बघितला. गरम लागलं तसा मागं घेतला.

"मास्तर," ते सरांना म्हणाले, "लय झकास. यंत्र सगळं करतंय की. मग तुमी कशाला ताटकळत उभं ऱ्हायचं? घरी पडा. घसा बरा करा. हा पोरगा चालवील."

त्यांना खरंच वाटत होतं की ते सरांचं भलं करतायत. हेडमास्तर म्हणाले, तसं नव्हे आबा, म्हणजे सर असले की... आणि तिथंच थांबले. सरांनी पाटी उचलली. पण आबांना वाचायला चष्मा लागायचा आणि तो घरी होता. ते निघून गेले. सर पाटी धरून उभे राहिले, कुणीच न वाचलेली. त्यावर लिहिलं होतं, "मार्चपर्यंत राहू द्या."

दुसऱ्या दिवसापासून सर आले नाहीत. मी एकटाच. टेबल, खोकं, आणि टेपवरचे सर. बटण दाबलं, धडा सुरू झाला, प्रश्न आला. मी सोडलेली ती लांबलचक जागा आली. टेप फिरत होती, सूं सूं करत. कुणी उभं राहिलं नाही. कुणाकडे बोट दाखवलेलंच नव्हतं ना. एकमेकांकडे बघत बसली. दुसरा प्रश्न आला. परत तेच. मालगाडी आली आणि मी बटण दाबायला विसरलो, निम्मी कविता तिच्याखाली गेली. मी बोट दाखवून बघितलं. एक मुलगी उभी राहिली, वडगावच्या बाजारातली, वर्गात सगळ्यात हुशार. तिनं उत्तर दिलं आणि माझ्याकडे बघत राहिली. बरोबर की चूक, हे मला ठरवता येईना. मी मान हलवली. ती बसली, पण तिला पटलं नाही ते दिसत होतं.

असे बरेच तास गेले. मी कंटाळलो म्हणणं बरोबर नाही, मला लाज पण वाटत नव्हती. मी नुसता जड झालो होतो. यंत्रासारखाच. एके दिवशी तो वाडीवरचा पोरगा, कान लाल झालेला तोच, तास संपल्यावर वायर गुंडाळायला मदत करायला आला. म्हणाला, "आवाज सरांचाच हाय. पर ह्येला आमचं त्वांड दिसत न्हाई."

खोकं घेऊन स्टेशनवर न जाता सरांच्या घरी गेलो. सर ओट्यावर ऊन खात बसले होते. वर्गात काय चाललंय ते सगळं सांगितलं. काकूंनी चहा आणला, त्या म्हणाल्या, हे दिवसभर घड्याळ बघतात, आता तिसरा तास, आता चौथा तास. सरांनी त्यांना हातानं गप्प केलं. मी म्हटलं, सर, तुम्ही आबांकडे चला. त्यांनी लिहिलं, "मी काय बोलणार?" त्यात विनोद होता की नाही मला कळलं नाही. तरी मी हसलो.

मग मीच गेलो. आबांच्या घरी तेव्हा त्यांच्या मुलीच्या लग्नाची गडबड चालू होती आणि मांडव, कर्णे सगळं आमच्या दुकानाचं. त्यामुळे मला आत घ्यायला अडचण नव्हती. आबा पडवीत सुपाऱ्या मोजायला लावत होते कुणाला तरी. वाटेत मी विचार केला होता, भाऊंच्या आवाजात बोलावं, नाहीतर हेडमास्तरांच्या, नाहीतर सरळ सरांच्या. ऐन वेळी कुठलाच आवाज लागेना. होता तो माझाच, बारीक आणि कोरडा.

मी म्हटलं, "आबा, एक बोलायचं होतं. यंत्राचं."

"काय झालं यंत्राला?"

"झालं नाही अजून. पण होईल. ते सारखं चालू ठेवलं की आतले दिवे जळून जातात. मध्ये मध्ये थांबवावं लागतं. कुठं थांबवायचं ते धडा येणाऱ्यालाच कळतं. मला इंग्रजी येत नाही. सर होते तोपर्यंत ते बघत होते."

आबांनी सुपाऱ्यांवरची नजर माझ्याकडे वळवली. "जळालं तर?"

"तर लग्नात सनई लावायला दुसरं नाही आमच्याकडे."

आता यात खोटं किती आणि खरं किती, ते मलाही सांगता येणार नाही. दिवे जळत नव्हते. पण थांबवायला सर लागत होते, हे खरंच होतं. आबांनी दाढी खाजवली. लग्न महिन्याभरावर आलेलं. मग ते म्हणाले, "मंग बसू द्या की मास्तरला यंत्राजवळ. खुर्ची टाका. पर शिकवू नका म्हनावं त्यास्नी, नुसतं बटन दाबा. इश्रांती पायजे त्यास्नी."

दुसऱ्या दिवशी सर शाळेत आले ते यंत्र चालवणारे म्हणून. हेडमास्तरांनी त्यांना हे सांगताना वाक्य तीन वेळा अर्धवट सोडलं. सरांनी पाटीवर एकच शब्द लिहिला, "मान्य." खुर्ची टाकली होती. तिच्यावर ते बसले नाहीत. आबांनी काढलेली ती आज्ञा मोडायला त्यांना एक शब्दही बोलावा लागला नाही. प्रश्न आला, बोट गेलं. मुलं ताठ झाली. त्या वाडीवरच्या पोराला प्रश्न आला तेव्हा टेपवरची जागा संपत आली, तशी सरांनी बटण दाबून टेपच थांबवली आणि उभे राहिले. पोरगा खाली बघत होता. मी दाराशी उभा. पॅसेंजरची वेळ होत आली होती आणि माझं अंग इतकं आंबलं होतं की मला वाटलं, दे बाबा काहीतरी उत्तर. त्यानं दिलं. मोडकंतोडकं, पण इंग्रजीत. सरांनी डोळे मिटून मान हलवली आणि बटण सोडलं.

फेब्रुवारी असाच गेला. रविवारी रेकॉर्डिंग, आठवडाभर वाहतूक, मध्ये लग्नं. लग्नाच्या तारखा दाट आल्या की आठवड्यातून एखाद-दोन दिवसच यंत्र शाळेला मिळायचं. उरलेल्या दिवशी सर फळ्यावर लिहून काम चालवायचे. शेवटचा धडा टेपवर घेतला त्या रविवारी आम्ही दोघंही दमलो होतो. गाद्यांवर जरा आडवे झालो. बाहेर कुणीतरी चिक्कीच्या दुकानात भाव करत होतं.

तो शेवटचा धडा ज्या दिवशी वर्गात लावायचा, त्याच दिवशी आबांच्या मुलीचं लग्न निघालं. मुलांच्या परीक्षेला अगदी थोडे दिवस उरलेले, पुढं वर्गच भरणार नव्हता. मी भाऊंना विचारून बघितलं, दुपारपर्यंत तरी सोडा. भाऊ म्हणाले, आबांचं कार्य आहे, वेडा झालास का. सरांना निरोप पाठवला. दिवसभर मी मांडवात उभा होतो. सनईची टेप संपली की उलटी करून लावायची, वायरी पायात येऊ द्यायच्या नाहीत. कुणी सर करायला सांगितले नाहीत. बरं झालं. माझ्यात उभं राहण्याइतकाच जीव उरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र परत लोणावळ्याला न्यायला मी वडगाव स्टेशनवर बसलो होतो. वाडीवरचा तो पोरगा फलाटावर आला, कुणाला तरी सोडायला. मी विचारलं, कालचा तास बुडाला ना.

म्हणाला, "न्हाई. झाला की."

"यंत्राशिवाय? कुणी घेतला?"

"आमीच." तो माझ्या शेजारी खोक्यावरच बसला. मी बसू दिलं. तो सांगत होता, सर आले, टेबलाजवळ उभे राहिले, टेबल मोकळं. त्यांनी हात खाली केला, तळवा पसरून. मग बाजारातली ती मुलगी उभी राहिली आणि धडा वाचायला लागली. सरांच्या आवाजात. म्हणजे बाईमाणसाचा आवाज, पण टेकणं तेच, थांबणं तेच. कुणी हसलं नाही म्हणे. सर हातानं दाखवत होते आणि ती म्हणत होती. तिचं झाल्यावर दुसरा, मग तिसरा. प्रश्नही त्यांनीच काढले, एकमेकांना विचारले.

"तुला आला का प्रश्न?"

"आला. मला तीच इचारत व्हती. लय येळ थांबली ती." तो जरा हसला. "सरांनी बोट बी दाखवलं न्हाई. नुसतं हुबं व्हते."

गाडी आली. तो खोक्यावरून उठला आणि त्यानं ते माझ्याबरोबर डब्यात चढवलं. मार्चात तो वर्ग परीक्षेला गेला, सरांच्याच हातून. फलाटावरून निघालो त्या सकाळी मी खिडकीशी बसलो तो कामशेत यायच्या आतच झोपलो, आणि मळवलीला जागा झालो तेव्हा डब्यात कुणी तरी मला विचारत होतं की हे काय आहे एवढं. मी म्हटलं, काही नाही, शाळेचं सामान.